ताशी ८० किलोमीटर वेगाने पाण्यात पडताना: लाइफ जॅकेटचे प्रमाणपत्र नेमकी कशाची हमी देते?

लाइफ जॅकेट विकत घेताना बहुतेक जण रंग, माप आणि वजन पाहतात. आतल्या बाजूला शिवलेली माहितीची पट्टी मात्र क्वचितच वाचली जाते. स्पीडबोट किंवा जेट स्की चालवणाऱ्याने ती शेवटपर्यंत वाचायला हवी आणि तिच्यावर काय लिहिलेले नाही, याचाही विचार करायला हवा. प्रमाणित जॅकेट माणसाला तरंगत ठेवते आणि ठरावीक कसोट्यांमध्ये अंगावरून निसटत नाही, इतके त्या प्रमाणपत्रावरून खात्रीने समजते. वेगाने पाण्यावर आपटणाऱ्या शरीराला ते इजेपासून वाचवेल, असे मात्र त्यात कोठेही म्हटलेले नसते. अनेक वेगप्रेमींचा गैरसमज नेमका येथेच होतो.

माणसाच्या शरीराची घनता पाण्याच्या घनतेच्या फार जवळ असते. छातीत पूर्ण श्वास भरलेला असताना शरीर जेमतेम तरंगते आणि श्वास सोडला की हळूहळू बुडू लागते. त्यामुळे प्रौढ माणसाचे तोंड पाण्याबाहेर ठेवायला फार मोठे बल लागत नाही. साधारण ३ ते ५ किलोग्रॅम वजन उचलून धरेल एवढे जादा उत्प्लावक बल बहुतेकांना पुरते. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या, म्हणजे आयएसओच्या, १२४०२ या मानकमालिकेत याच बलाच्या आधारे ५०, १०० , १५० आणि २७५ न्यूटन असे चार स्तर केलेले आहेत. ५० न्यूटन म्हणजे सुमारे ५ किलोग्रॅम वजनाइतके बल. ५० चे साधन पोहता येणाऱ्यांसाठी आणि मदत जवळ असलेल्या पाण्यासाठी, १०० चे शांत, आडोशाच्या पाण्यासाठी, १५० चे खुल्या समुद्रासाठी, तर २७५ चे अत्यंत खडतर परिस्थितीसाठी आणि जड कपडे वा अवजारे अंगावर असलेल्यांसाठी असते.

या आकड्यांइतकाच महत्त्वाचा प्रश्न असा की, बेशुद्ध होऊन पालथ्या पडलेल्या माणसाला ते जॅकेट उताणे करते का. १५० न्यूटनच्या जॅकेटकडून ही अपेक्षा असते. ५० न्यूटनच्या साधनाकडून मुळीच नसते, आणि म्हणूनच मानकाच्या भाषेत ते 'लाइफ जॅकेट' नसून केवळ 'तरंगण्यास साहाय्य करणारे साधन' आहे. जेट स्की, वॉटर स्कीइंग किंवा वेगवान बोटींवर बहुतांश लोक घालतात ती फोमची आटोपशीर बंडी याच खालच्या स्तरातली असते. वेगाने पडलेला माणूस डोक्याला मार लागून बेशुद्ध होण्याचा धोका जिथे सर्वांत जास्त, तिथेच बेशुद्ध माणसाला न वळवणारे साधन वापरले जाते, ही विसंगती अस्वस्थ करणारी आहे. तिला कारणही आहे. माणसाला वळवण्यासाठी छातीवर आणि मानेभोवती भरपूर फुगीर भाग लागतो, आणि असा भाग वेगाच्या पाण्यात अडथळा बनून जॅकेटच ओढून नेऊ शकतो.

मग १५० न्यूटनचे, पाण्यात पडल्यावर आपोआप फुगणारे सडपातळ जॅकेट का घालू नये? त्यात साधारण ३३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड भरलेला छोटा सिलिंडर असतो. पाण्यात विरघळणारी गोळी किंवा पाण्याचा दाब ओळखणारी झडप त्याचे तोंड उघडते आणि काही सेकंदांत सुमारे १७-१८ लिटर वायू पिशवीत भरतो. शांतपणे बोटीच्या काठावरून घसरणाऱ्यासाठी ही रचना उत्तम आहे. वेगवान बोटीवर मात्र उडणाऱ्या तुषारांनी विरघळणारी गोळी नको तेव्हा सुटू शकते, हाताने दोरी ओढून फुगवायचे जॅकेट बेशुद्ध माणसाच्या उपयोगाचे नसते, आणि शरीर पाण्यावर घसरत असतानाच पिशवी फुगली तर तिच्यावर येणारा ताण शिवणींच्या व झडपांच्या मर्यादेबाहेर जाऊ शकतो. अशा बहुतेक जॅकेटांच्या पट्टीवर जेट स्की, वॉटर स्कीइंग आणि तत्सम वेगवान खेळांसाठी वापरू नये असे स्पष्ट बजावलेले असते. ही सूचना केवळ कायदेशीर जबाबदारी टाळण्यासाठी लिहिलेली नाही.

वेगाचे गणित एकदा मांडून पाहिले की बाकीच्या गोष्टी आपोआप उलगडतात. जहाजांवरील जॅकेटांसाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय जीवरक्षक साधन संहितेत एक कसोटी अशी आहे: अंगात घातलेले जॅकेट हाताने धरून किमान ४.५ मीटर उंचीवरून, आणि हात डोक्यावर उंचावून किमान १ मीटर उंचीवरून पाण्यात उडी मारली असता माणसाला इजा होऊ नये आणि जॅकेट जागचे हलू नये. ४.५ मीटरवरून पडणारे शरीर पाण्याला टेकते तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे ३४ किलोमीटर असतो. १ मीटरवरून पडताना तो जेमतेम १६ किलोमीटर भरतो. ताशी ८० किलोमीटरचा वेग उंचीत मोजायचा, तर तो सुमारे २५ मीटरवरून, म्हणजे आठ मजली इमारतीच्या गच्चीवरून पडण्याइतका होतो. वेग दुप्पट झाला की ही उंची चौपट होते.

पाण्याचा दाबही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ३४ किलोमीटर वेगाने समोरून येणारे पाणी तळहाताएवढ्या, म्हणजे साधारण १०० चौरस सेंटिमीटर क्षेत्रावर सुमारे ४५ किलोग्रॅम वजनाइतका जोर लावते. ताशी ८० किलोमीटरला तोच जोर सुमारे २५० किलोग्रॅमवर जातो. जॅकेटचा गळा सैल असेल, बगलेपाशी फट असेल किंवा खालची कड अंगापासून सुटलेली असेल, तर पाणी तिथून आत घुसते आणि जॅकेट आतून बाहेर व खालून वर ढकलले जाते. साध्या उडीत न निसटलेले जॅकेट या ओढीत डोक्यावरून निघून जाऊ शकते, झिप फाटू शकते, प्लास्टिकचे बकल तुटू शकते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. वेगवान बोटीतून फेकला गेलेला माणूस २५ मीटरवरून सरळ खाली पडल्यासारखा आपटत नाही. तो बहुधा तिरप्या, जवळजवळ सपाट दिशेने पाण्याला टेकतो, क्षणभर पृष्ठभागावर घसरतो आणि त्याचा वेग काही अंतरात विभागून कमी होतो. म्हणून अनेक जण अशा पडण्यातून सावरतात. परंतु घसरताना हात, पाय किंवा डोके पाण्यात रुतले की तेवढ्या अवयवावर एकदम जोर येतो आणि शरीराला पीळ बसतो. मान, खांदे आणि फासळ्या यांना होणाऱ्या इजा अशा वेळी संभवतात, आणि छातीभोवतीचा तीन-चार सेंटिमीटर जाडीचा फोम त्यांतल्या फार थोड्या इजा सौम्य करू शकतो. जेट स्कीवरून मागच्या बाजूला पाण्यात पडणाऱ्याच्या शरीरात दाबाखालचे पाणी शिरून गंभीर अंतर्गत इजा होऊ शकते, म्हणून जॅकेटबरोबर कमरेखाली जाड निओप्रीनचा, म्हणजे रबरासारख्या फोमचा, अंगाला घट्ट बसणारा वेटसूट घालण्याची सूचना उत्पादक देतात. जॅकेट या बाबतीत काहीच करू शकत नाही.

काही जॅकेटांवर 'ताशी ५० मैल वेगाला चाचणी' अशा अर्थाचा मजकूर आढळतो. ५० मैल म्हणजे सुमारे ८० किलोमीटर. हा आकडा वाचताना तो जॅकेटच्या मजबुतीविषयी आहे, हे पक्के लक्षात ठेवावे. तेवढ्या वेगाचा आघात झाल्यावर शिवणी, पट्टे आणि फोम टिकतात, असे त्यातून कळते. त्या वेगाला माणूस सुरक्षित पडू शकतो, असा त्याचा अर्थ कदापि होत नाही.

प्रमाणीकरणाच्या पद्धती देशोदेशी वेगळ्या आहेत. युरोपीय संघात व्यक्तिगत संरक्षण साधनांसंबंधीचा २०१६/४२५ क्रमांकाचा नियम लागू आहे. बुडण्यापासून वाचवणारी साधने त्यात सर्वाधिक जोखमीच्या तिसऱ्या वर्गात मोडतात, त्यामुळे नमुन्याची तपासणी उत्पादकाला स्वतः करून भागत नाही. ती अधिसूचित संस्थेकडून, म्हणजे या कामासाठी अधिकृतपणे नेमलेल्या स्वतंत्र संस्थेकडून, करून घ्यावी लागते, पुढील उत्पादनावरही देखरेख राहते, आणि जॅकेटवर युरोपीय नियमांची पूर्तता दाखवणाऱ्या 'सीई' चिन्हाशेजारी त्या संस्थेचा चार अंकी क्रमांक छापलेला असतो. तो क्रमांक नसलेले नुसते 'सीई' चिन्ह दिसले तर मी ते जॅकेट घेणार नाही. अमेरिकेत तटरक्षक दलाची मान्यता लागते आणि मान्यता क्रमांक १६० ने सुरू होतो. तेथील जुनी पहिला ते पाचवा प्रकार अशी वर्गवारी मागे पडून आता ५०, ७०, १०० असे स्तर आणि चित्रखुणा येत आहेत. या खुणा वेगवान बोटचालकांसाठी खरोखर उपयुक्त आहेत, कारण जॅकेट माणसाला उताणे करते की नाही हे वळणदार बाणाने, आणि कोणत्या खेळासाठी ते चालत नाही हे खोडलेल्या चित्राने दाखवलेले असते. ऑस्ट्रेलियाच्या ४७५८ क्रमांकाच्या मानकात ५० स्तराचाच '५० एस' हा पोटप्रकार आहे. त्याला भडक रंगाची सक्ती नाही, म्हणून जेट स्की आणि वॉटर स्कीसाठी तो लोकप्रिय आहे. मात्र बोटीपासून दूर पडलेल्या माणसाला लाटांमध्ये शोधताना काळा किंवा निळा रंग दिसत नाही, हे विसरता येत नाही.

दुकानांत याच्याच शेजारी 'कॉम्प' किंवा 'इम्पॅक्ट' नावाच्या पातळ, लवचीक बंड्या टांगलेल्या असतात. त्यांतल्या अनेकांना तरंगण्याचे कोणतेही प्रमाणपत्र नसते, कारण त्या स्पर्धकांच्या छातीला थोडा गादीसारखा आधार देण्यासाठी बनवलेल्या असतात आणि त्यांत फोम कमी असतो. बाहेरून पाहून फरक ओळखू येत नाही. पट्टीवर मान्यता क्रमांक किंवा न्यूटनमधील स्तर आहे का, एवढीच खूण. मान्यताप्राप्त जॅकेटची सक्ती जिथे आहे तिथे अशी बंडी कायद्याने ग्राह्य धरली जात नाही.

शर्यतींच्या जगात प्रश्नच बदलतो. ऑक्टोबर १९९० मध्ये मोनॅकोजवळच्या समुद्रात जागतिक विजेता स्तेफानो कासिरागी याची बोट उलटून त्याचा मृत्यू झाला, आणि त्यानंतर खुल्या समुद्रातील शर्यतींत आसनपट्टे व बंदिस्त कॉकपिट यांच्याकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागले. चालक बोटीतच बांधलेला असेल तर बाहेर फेकले जाण्याचा धोका कमी होतो, पण उलटलेल्या कॉकपिटमध्ये आपोआप फुगणारे जॅकेट त्याला वर आलेल्या तळाशी दाबून धरू शकते आणि दार गाठू देत नाही. छप्पर असलेल्या कोणत्याही बोटीत बसणाऱ्याने हा मुद्दा ध्यानात ठेवावा.

सर्वसामान्य वेगप्रेमीसाठी मात्र सर्वांत मोठा धोका जॅकेट न घालण्याचाच आहे. अमेरिकी तटरक्षक दलाच्या २०२३ च्या आकडेवारीनुसार मनोरंजनाच्या नौकाविहारात ५६४ जण दगावले. ज्यांच्या मृत्यूचे कारण कळले त्यांतले तीन चतुर्थांश बुडून मेले, आणि जॅकेटची माहिती उपलब्ध असलेल्या बुडालेल्यांपैकी ८७ टक्के लोकांच्या अंगावर ते नव्हते. थंड पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात अनावर धाप लागते आणि साधारण दहा मिनिटांत हातापायांतली ताकद ओसरते, त्यामुळे पाण्यात पडल्यावर जॅकेट चढवू हा विचार फोल आहे. जॅकेटबरोबर 'किल कॉर्ड', म्हणजे चालक जागेवरून हलताच इंजिन बंद करणारी दोरी, अंगाला जोडलेली हवी. चालकाविना गोल फिरणारी बोट पाण्यातल्या माणसावरच परत येऊ शकते. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांपेक्षा लहान, ३ अश्वशक्ती किंवा अधिक इंजिनाच्या बोटींवर वेगात असताना तिचा वापर संघराज्य कायद्याने आवश्यक केला आहे.

जॅकेट अंगाला कसे बसते यावर शेवटी सारे अवलंबून आहे. केवळ झिप असलेले नको; छातीभोवती पूर्ण फिरणारे तीन-चार रुंद पट्टे हवेत आणि ते सर्व आवळलेले हवेत. दोन्ही हात वर करून कोणाला तरी खांद्यांपाशी जॅकेट वर ओढायला सांगावे. ते हनुवटीपर्यंत सरकले तर माप मोठे आहे. कोरड्यावर घट्ट वाटणारे जॅकेट भिजल्यावर सैल होते, म्हणून उथळ पाण्यात एकदा तरंगून पाहणे उत्तम. ज्यावर बसले जाते किंवा ज्याची उशी केली जाते त्या जॅकेटचा फोम दबतो आणि उत्प्लावकता घटते. उन्हाने कापड आणि धागे कमकुवत होतात. शिवण उसवून बदल केला, पट्टा कापला किंवा वेगळे बकल लावले, की तपासला गेलेला नमुना आणि आपल्या हातातली वस्तू एक राहत नाही आणि प्रमाणपत्र त्या जॅकेटला लागू होत नाही. वेगात एकदा जोराने पडल्यानंतर प्रत्येक शिवण ताणून, प्रत्येक बकल उघड-बंद करून पाहावे, फोमचे तुकडे जागेवर आहेत का ते बोटांनी चाचपावे, आणि कुठे चीर, सैलपणा किंवा पोकळी जाणवली तर ते जॅकेट पुन्हा वेगवान बोटीवर नेऊ नये.