नवी बॅटरी हातोहात का देत नाही?
मोटारसायकल आणि स्कूटरच्या ग्राहकांसाठी माहिती

"ॲसिड भरा आणि लगेच बसवून द्या, बाकीची गाडीवर चार्ज होईल," असे काउंटरवर रोज कुणीतरी सांगते. वावरात मजूर खोळंबलेले असतात, कुणाला लग्नाला जायचे असते. घाई आम्हाला समजते, पण नव्या बॅटरीचे सर्वांत जास्त नुकसान याच घाईने होते.

मेन्टेनन्स-फ्री, म्हणजे सीलबंद, बॅटरी पुष्कळदा कोरडी येते आणि ॲसिडचा पॅक सोबत असतो. तो पॅक उलटा लावून ॲसिड सहाही कप्प्यांत आपोआप उतरू द्यावे लागते, पॅक दाबायचा नाही. प्लेटांमधल्या मॅटमध्ये ते मुरायला किमान अर्धा तास लागतो. एवढे झाल्यावरही बॅटरी साधारण ८० टक्केच भरलेली असते. उरलेले २० टक्के चार्जरवरच भरतात, आणि तेही हळू. बॅटरी जितक्या एएचची (ॲम्पिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता), त्याच्या दहाव्या हिश्शाइतका करंट, म्हणजे ४ एएचला ०.४ ॲम्पिअर, ५ ते १० तास. मोठ्या चार्जरने तासाभरात उरकता येते, पण बॅटरी तापते, आतले पाणी वाफ होऊन व्हॉल्व्हमधून जाते, आणि सीलबंद बॅटरीत ते परत भरता येत नाही.

गाडीवर ही कसर भरून निघत नाही. एप्रिल २०१७ पासूनच्या गाड्यांना हेडलाइट कायम चालू असतो. घर ते वावर दोन-तीन किलोमीटर, तिथे बंद, पुन्हा सेल्फ. एवढ्या पल्ल्यात सेल्फने खाल्लेलाच करंट जेमतेम परत येतो. प्लेटांचा न भरलेला भाग सल्फेटने कडक होत जातो आणि नंतर कितीही चार्ज केले तरी पूर्ण परत येत नाही. मग ४ एएचचे पैसे देऊन तुम्ही ३ एएचची बॅटरी वापरता.

म्हणून आम्ही बॅटरी रात्रभर ठेवून घेतो. तेवढ्या वेळेसाठी आमच्याकडची फिरती बॅटरी तुमच्या गाडीला लावून देतो, तिचे पैसे घेत नाही. आदल्या दिवशी फोन केलात तर चार्ज केलेली तयार मिळेल. नेताना मीटर समोर लावून घ्या: चार्जर काढून तास-दोन तास झाल्यावर १२.७ ते १२.८ व्होल्ट दिसायला हवे.

वॉरंटीत आलेली बॅटरीही आम्ही आधी चार्ज करतो, मगच लोड टेस्टर (बॅटरीवर भार टाकून ताकद तपासणारे मीटर) लावतो. यावर वाद होतात. पण नुसती उतरलेली आणि खरोखर सेल (आतला कप्पा) गेलेली बॅटरी चार्ज केल्याशिवाय वेगळी ओळखता येत नाही. सोबत गाडीही आणा. इंजिन थोडे रेस ठेवल्यावर टर्मिनलवर १३.५ ते १४.५ व्होल्ट हवेत. १३ च्या खाली असेल तर करंट बनवणारी कॉइल, रेक्टिफायर (तो करंट बॅटरीजोगा करून व्होल्टेज आवरणारा भाग) किंवा वायरिंग बघावे लागेल. १५ च्या वर गेले तर रेक्टिफायर बॅटरी उकळवतोय. दोन्हींत नवी बॅटरी टाकून उपयोग नाही. ही तपासणी आम्ही मोफत करतो.

निवडताना जुन्या बॅटरीवरचा एएच बघा आणि प्लस कोणत्या बाजूला आहे तेही बघा. बाजू उलटी निघाली की वायर ओढून चुकीची लागते, फ्यूज उडतो, कधी रेक्टिफायरही जातो. 'किक आहेच' म्हणून कमी एएचची घेऊ नका. २०२० नंतरच्या फ्यूएल इंजेक्शनच्या गाड्यांत पेट्रोल पंप आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) बॅटरीवर चालतात. ती पूर्ण बसली तर अनेकदा धक्का मारूनही गाडी चालू होत नाही.

मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ ला टेकतो. उन्हात उभ्या गाडीतली बॅटरी लवकर थकते, शक्यतो सावली बघा. झाकणाची बॅटरी असेल तर उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी पातळी बघून फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. ॲसिड किंवा बोअरचे पाणी घालू नका.

टर्मिनलवर पांढरी पूड आली तर बॅटरी काढून, कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून पुसा, वाळवा आणि वरून व्हॅसलीन लावा. काढताना मायनस आधी, बसवताना मायनस शेवटी. दुधाच्या कॅनचे स्टँड गाडीवरच वेल्डिंग करत असाल तर दोन्ही वायरी आधी सोडवा.

जीपीएस ट्रॅकर किंवा मोबाइल चार्जर थेट बॅटरीवरून घेऊ नका. ४० मिलिॲम्पिअरची बारीक गळती चार दिवसांत ४ एएच रिकामे करते, आणि सेल्फ त्याआधीच बंद पडतो. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर मायनस काढून ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्जिंगला आणा.

येताना जुनी बॅटरी आणा, वजनाप्रमाणे तिची किंमत नव्या बिलातून वजा होते. ती फोडून ॲसिड गटारीत ओतू नका. वॉरंटी कार्डावर गाडी नंबर आणि तारीख आमच्यासमोर लिहून घ्या. बॅटरी संध्याकाळी ६ च्या आत जमा केली तर सकाळी ९ ला तयार असते.