दोरचढ व्यायामयंत्र

दोरचढ व्यायामयंत्र : टांगलेल्या दोरावर चढण्याची किंवा ओझे दोराने खेचण्याची क्रिया एकाच जागी, हवा तितका वेळ करता यावी यासाठी तयार केलेले यंत्र. दोन्ही टोके एकमेकांत जोडलेला अखंड दोर कप्प्यांवरून फिरतो. व्यायाम करणारा तो हातांनी ओढतो आणि एका कप्पीच्या आसावर बसवलेला ब्रेक त्याला विरोध करतो. मार्पो, रोपफ्लेक्स यांसारख्या कंपन्यांची यंत्रे याच तत्त्वावर चालतात. विरोध निर्माण करणे त्यामानाने सोपे आहे. यंत्रातला दोर हाताला खऱ्या दोरासारखा लागणे फार अवघड, आणि अभिकल्पाचा खरा कस तिथेच लागतो.

दोरावर चढणे हा एकेकाळी ऑलिंपिकमधील जिम्नॅस्टिक्सचा प्रकार होता. १८९६ मध्ये अथेन्स येथे १४ मी. उंचीचा दोर होता आणि त्याच्या टोकापर्यंत दोनच स्पर्धक पोहोचले. १९३२ मध्ये लॉस एंजेलिस येथे रेमंड बास यांनी ८ मी.चा दोर ६.७ सेकंदांत सर केला. ७० किग्रॅ. वजनाच्या माणसाने एवढ्या वेळात एवढी उंची गाठली, तर त्याची सरासरी शक्ती सुमारे ८२० वॉट भरते. ती काही सेकंदच टिकते. दीर्घ व्यायामात शक्ती याच्या लहानशा अंशावर येते. शक्तीची ही दोन्ही टोके एकाच ब्रेकने पेलायची असतात.

यंत्रांचे दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात माणूस बसलेला किंवा उभा असतो आणि दोर वरून, समोरून किंवा खालून ओढतो. येथे ओढीला आपोआप मर्यादा पडते. उभ्या माणसाने वरचा दोर खाली ओढला, तर स्वतःच्या वजनाइतके बल लागताच पाय जमिनीवरून सुटतात. म्हणून आसनावर मांड्या अडवणाऱ्या गाद्या लावतात. समोरून ओढताना बुटांचे घर्षण कमी पडते, त्यामुळे पाय रोवायला फळी लागते. वरची कप्पी खांबावर खालीवर सरकवता आली, तर तिन्ही दिशा एकाच यंत्रात साधतात.

दुसऱ्या वर्गात शरीराचा सगळा भार दोरावर असतो. माणूस वर चढतो त्याच वेगाने दोर खाली सरकतो, त्यामुळे तो जमिनीपासून एकाच उंचीवर राहतो. वेग स्थिर असेल तर हातांना लागणारे बल आणि होणारे कार्य खऱ्या चढाईइतकेच असते. कमी पडते ती फक्त उंचीची भीती. दोराने सेकंदाला ०.३ मी. सरकावे असे ठरवले, तर ७० किग्रॅ. वजनासाठी ब्रेकने सुमारे ६८७ न्यूटन बल पेलून २०६ वॉट शक्ती उष्णतेच्या रूपात बाहेर टाकली पाहिजे. ब्रेकचे बल वेगाच्या प्रमाणात वाढत असेल, तर त्याच मांडणीवर ९० किग्रॅ. वजनाच्या माणसाखाली दोर जवळजवळ ०.३९ मी. प्रतिसेकंद वेगाने धावतो. म्हणून वजनानुसार ब्रेक बदलण्याची सोय अशा यंत्रात अत्यावश्यक ठरते.

ब्रेकचे प्रकार अनेक. पंख्याच्या ब्रेकमध्ये वेग दुप्पट झाला की विरोध चौपट आणि लागणारी शक्ती आठपट होते. जोर करणाऱ्याला तो आवडतो, पण आवाज फार. चुंबकीय ब्रेकमध्ये तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची चकती चुंबकांमधून फिरते, तिच्यात भोवऱ्यासारखे विद्युत् प्रवाह निर्माण होतात आणि ते गतीला विरोध करतात. कशाचा कशाशी स्पर्श नाही, म्हणून झीज नाही. मात्र चकती तापली की तिचा विद्युत् रोध वाढतो आणि नेहमीच्या वेगांना पकड ढिली पडते. त्याहून मोठी उणीव अशी की गती शून्य झाली की विरोधही शून्य होतो. खऱ्या दोरावर माणूस थांबला की लटकून राहतो. केवळ चुंबकीय ब्रेक असलेल्या यंत्रावर तो हळूहळू खाली येतो. म्हणून चढाईच्या यंत्रात, माणूस ठरावीक पातळीखाली आला की दोर अडवणारा घर्षण-ब्रेक जोडीला द्यावा लागतो.

सर्वांत नाजूक क्षण हात बदलण्याचा. एका हाताची ओढ संपून दुसऱ्याची सुरू होईपर्यंत बल ओसरते. ते सावरण्यासाठी फ्लायव्हील, म्हणजे गती टिकवून धरणारे जड चाक, बसवतात. ते फार हलके असेल तर प्रत्येक ओढीला हिसका बसतो. फार जड असेल आणि कप्पीला कायमचे जोडलेले असेल, तर हात थांबल्यावरही दोर धावत राहतो आणि तळवे सोलवटतात. मधे एकाच दिशेने पकडणारा क्लच घातला की चाक फिरत राहते, दोर मात्र थांबतो.

दोर कप्पीवर घसरू नये हे घर्षणावर अवलंबून असते. घर्षणांक ०.३ असेल, तर अर्ध्या वेढ्यात दोन बाजूंच्या ताणांचे गुणोत्तर सुमारे २.६ पर्यंत जाऊ शकते, पूर्ण वेढ्यात ६.६ पर्यंत. इंग्रजी व्ही आकाराच्या ४० अंशांच्या खोबणीत दोर पाचरीसारखा रुततो आणि घर्षण जवळजवळ तिप्पट होते. सैल बाजूला ताण ठेवणारी स्प्रिंगची कप्पी मात्र हवीच. नायलॉन ओढीखाली लांबतो, म्हणून पॉलिएस्टर बरा. पिळाचा दोर ताणाखाली फिरतो. विणलेला फिरत नाही. टोकांचा सांधा आखूड घातला तर तिथे दोर फुगतो आणि कप्पीवरून जाताना दर फेरीला दणका देतो. लांबवर पसरवलेला सांधा घालायला वेळ लागतो, पण हाताला तो जाणवत नाही.

दोर कप्पीत शिरतो तिथे बोटे अडकण्याचा धोका असतो. तो भाग पूर्ण झाकलेला असावा. पायांनी दोर कवळण्याचे तंत्र बहुतेक यंत्रांवर शिकता येत नाही. उतरताना स्नायू ताणाखाली लांबतात, तो व्यायामही एकाच दिशेने ओढता येणाऱ्या यंत्रावर होत नाही. त्यासाठी दोर उलट्या दिशेने चालवणारी मोटर लागते.