पार्श्वभूमी : बोर्ड बदलला की फॉरमॅट मारायचाच?

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (चाव्या जपणारी सुरक्षा-चिप) लागते आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. त्यामुळे जुन्या कॅबिनेटमध्ये नवा मदरबोर्ड बसवून घेण्याची पाळी अनेकांवर आली. बोर्डाबरोबर प्रश्नही आला : आता विंडोज पुन्हा मारावी लागणार का? गोव्यात म्हापशापासून काणकोणापर्यंत याचे ठरलेले उत्तर 'फॉरमॅट मारावाच लागेल', म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकावीच लागेल. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ते बरोबर होते. मध्यंतरी ते चुकीचे ठरले, तरी सवय गेली नाही.

विंडोज ९५ आणि ९८ च्या काळाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. नवा बोर्ड बसवला की संगणक कसाबसा उठायचा, नवे हार्डवेअर सापडल्याचे पुन्हा पुन्हा सांगायचा आणि घडोघडी सीडी मागायचा. जाणता कारागीर रजिस्ट्रीतली (विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीतली) 'एनम' ही शाखाच उडवून विंडोजला सगळे भाग नव्याने शोधायला लावी.

खरी अडचण ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीने आणली. एक्सपी टाकतानाच त्या बोर्डाला साजेसा हॅल, म्हणजे विंडोज आणि हार्डवेअर यांच्यामधला थर, निवडला जाई आणि डिस्कच्या कंट्रोलरचा ड्रायव्हर पक्का होई. पुढे वेगळ्या चिपसेटचा बोर्ड आला की विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडत नसे. निळा पडदा, त्यावर '७बी'ने संपणारा कोड. उपाय होता, रिपेअर इन्स्टॉल : सीडीवरून सुरू करायचे, पहिल्यांदा 'आर' विचारले की ते दाबायचे नाही, एंटर, मग एफ८, आणि जुनी विंडोज यादीत दिसली की दुसरा 'आर'. पहिलाच 'आर' दाबणारा रिकव्हरी कन्सोलच्या काळ्या पडद्यावर जाऊन बसे. हे जमले तर प्रोग्रॅम आणि फाइली शाबूत राहत. पण जमेलच याची हमी नव्हती, आणि फॉरमॅटला वेळ तेवढाच लागायचा. दुकानदाराने काय निवडले असेल ते सांगायला नको. फॉरमॅट सी ड्राइव्हपुरताच असे, म्हणून डी ड्राइव्हवरची गाणी वाचायची. डेस्कटॉपवरचे गेले ते गेले.

गोव्यात हा प्रसंग हौसेपेक्षा नाइलाजाने जास्त यायचा. खारा वारा, चार महिन्यांची ओल, मेअखेरीस आणि ऑक्टोबरात कडाडणाऱ्या विजा. टेलिफोनच्या तारेतून आलेला झटका मोडेमसकट बोर्ड घेऊन जाई. त्यात त्याच दशकात निकृष्ट कपॅसिटरचे बोर्ड जगभर विकले गेले. काही वर्षांत त्या कपॅसिटरांची डोकी फुगायची. आपल्याकडचे 'अपग्रेड' हे पुष्कळदा मेलेल्या बोर्डाचे उत्तरकार्य असे. नेमका हाच फरक लायसन्सच्या वादात कळीचा ठरला.

एक्सपीबरोबर ॲक्टिव्हेशन आले, म्हणजे ही प्रत याच संगणकावर चालते अशी मायक्रोसॉफ्टकडे नोंद. संगणकाचे दहा गुणधर्म टिपून ठेवले जात. नेटवर्क कार्ड तेच राहिले तर सहा, बदलले तर चार बदलांनंतर विंडोज पुन्हा ॲक्टिव्हेट करावी लागे. रॅमची एखादी पट्टी बदलून काही होत नसे. पण नेटवर्क, डिस्प्ले, कंट्रोलर सगळे बोर्डावरच आलेले. बोर्ड बदलला की मर्यादा एका झटक्यात ओलांडली जाई. मग फोन : पडद्यावरचे ५० आकडे वाचून दाखवायचे आणि पलीकडून येणारे ४२ आकडे भरायचे.

गिऱ्हाइकाला 'ओरिजिनल' म्हणून जे मिळे ते बहुधा ओईएम (संगणक बनवणाऱ्यांसाठीचे) लायसन्स असे. काउंटरवर ओईएमचा अर्थ 'खोका नसलेली, स्वस्तातली ओरिजिनल' एवढाच. कागदावरचा अर्थ निराळा : हे लायसन्स माणसाचे नव्हे, एका संगणकाचे, त्याच्याबरोबर जगायचे, त्याच्याबरोबर सरायचे. मग संगणक म्हणजे नेमके काय? मायक्रोसॉफ्टने उत्तर दिले : मदरबोर्ड. भाग एकेक करून सगळेच बदलता येतात, तेव्हा कुठला तरी एक मूळ धरावा लागतो, हा त्यामागचा तर्क. डिस्क, रॅम, प्रोसेसर, कॅबिनेटसुद्धा बदला, संगणक तोच. बोर्ड सुधारून घेतला तर संगणक नवा आणि लायसन्सही नवे. बोर्ड बिघडला म्हणून त्याच जातीचा किंवा त्याच कंपनीचा पर्यायी बोर्ड बसवला, तर मात्र माफी.

तर्क वाईट नव्हता, पण बाजार त्यात बसत नव्हता. चार वर्षांनी बोर्ड जळाला तर तसा बोर्ड मिळायचा कुठे? नव्या बोर्डावर जुना प्रोसेसर बसत नाही, डीडीआर रॅम डीडीआर-२ च्या खाचेत जात नाही. ही दुरुस्ती की अपग्रेड? निवाडा फोनवर 'बोर्ड जळाला' असे कितपत ठामपणे सांगता येते यावर होई. उलट ज्यांच्याकडे 'कॉर्पोरेट' एक्सपीची, म्हणजे ॲक्टिव्हेशन न लागणाऱ्या आवृत्तीची, हातोहात फिरणारी की होती, त्यांना ॲक्टिव्हेशन ठाऊकच नव्हते. जाच झाला तो पावती जपून ठेवणाऱ्याला. ऑक्टोबर २००६ मध्ये तर एक्सपीनंतरच्या व्हिस्टाच्या खोक्यातल्या लायसन्सलाही 'दुसऱ्या संगणकावर एकदाच' अशी अट लावली गेली. ओरड इतकी झाली की काही आठवड्यांत ती मागे घ्यावी लागली.

छापखान्यांचे दुखणे आणखी वेगळे. मराठी अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरला प्रिंटरच्या पोर्टात बसणारे डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअर उघडणारी किल्लीच, असे. नव्या बोर्डांवरून ते पोर्टच नाहीसे झाले. जत्रेतल्या नाटकांची हँडबिले आणि लग्नपत्रिका छापणाऱ्याला विंडोजपेक्षा ही चिंता मोठी. त्यामुळे जुना बोर्ड शेवटचा श्वास घेईपर्यंत चालवला जाई.

व्हिस्टापासून हॅल बूट होतानाच ठरू लागला. विंडोज १० पर्यंत तर डिस्क उचलून नव्या बोर्डाला लावावी, दोन-चार वेळा रीस्टार्ट व्हावे आणि काम सुरू, इथवर मजल गेली. विंडोज ८ पासून ब्रँडेड संगणकांची की बोर्डाच्या फर्मवेअरमध्येच (बोर्डावर साठवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) आली, म्हणजे बोर्डाबरोबर कीही भंगारात. ऑगस्ट २०१६ च्या आवृत्तीपासून लायसन्स मायक्रोसॉफ्टच्या खात्याला जोडून 'मी नुकतेच हार्डवेअर बदलले' असे सांगण्याची सोय झाली. ओईएमची मूळ अट मात्र कागदावर तशीच राहिली.

आता गाडी पुन्हा अडते ती दोन ठिकाणी. जुनी डिस्क एमबीआर या जुन्या मांडणीची असेल तर फक्त यूईएफआय (नवी बूट पद्धत) जाणणाऱ्या नव्या बोर्डावर ती बूट होत नाही. फॉरमॅट न करता ती जीपीटी या नव्या मांडणीत बदलणारे साधन २०१७ पासून विंडोजमध्येच आहे, पण फारसे कोणी वापरत नाही. दुसरी जागा कुलपाची. २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने टाकलेली विंडोज ११ खात्याने लॉगिन करताच बहुतेक संगणकांवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट करते, म्हणजे कुलूपबंद करते. चावी सांभाळते टीपीएम, आणि ती टीपीएम बोर्डावर किंवा प्रोसेसरमध्ये असते. ती बदलली की पडदा ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ही की खात्यात जपलेली असते, पण खाते कुणाचे? पुष्कळदा दुकानातल्या पोराने घाईत काढलेले, पासवर्ड कुणालाच आठवत नसलेले. तिथे सवयीने फॉरमॅट मारला तर सी ड्राइव्ह जातोच. आणि ज्या डी ड्राइव्हच्या भरवशावर वीस वर्षे फॉरमॅट मारले, तोही आता त्याच कुलपात असतो.