राखीव फळी (कबड्डी)

कबड्डीत मैदानावर ७ खेळाडू उतरतात. संघ मात्र १२ जणांचा असतो; उरलेले ५ म्हणजे राखीव फळी. ग्रामीण विदर्भातल्या खुल्या आणि वजनगटाच्या स्पर्धांत ही फळी बहुधा नावापुरती असते आणि चांगले संघ नेमके तिथेच हरतात.

हिवाळ्यातल्या या स्पर्धा मातीच्या मैदानावर, रात्री आणि बाद पद्धतीने होतात. एकाच रात्री तीन सामने वाट्याला येऊ शकतात. शिवाय हाच हंगाम हरभरा-गव्हाच्या ओलिताचा. पंपाची वीज रात्रीच्या पाळीत असेल तर खेळाडू शेतावर अडकतो. वजनगटात आणखी एक घोळ होतो. वजन बसवण्यासाठी पोरं पाणी तोडतात आणि तिसऱ्या सामन्यात पोटऱ्यांना गोळे येतात. त्यामुळे राखीव खेळाडूही त्याच गटात सहज बसणारा हवा.

बदलाचा नियम अनेक संघ विसरतात. राखीव खेळाडू टाइमआउट किंवा मध्यंतरात, पंचांच्या परवानगीनेच आत येतो आणि बाद झालेल्याच्या जागी बदली मिळत नाही. मुख्य रेडर (चढाई करणारा) पकडला गेला की बाकावरचा रेडर त्याच्या जागी येऊ शकत नाही. म्हणून दुसरा आणि तिसरा रेडर पहिल्या सातांतच असावा लागतो. दोन कॉर्नर (बचावाच्या दोन टोकांचे), दोन कव्हर (त्यांच्या आतल्या बाजूचे), दोन रेडर आणि एक अष्टपैलू ही मांडणी त्यासाठीच चालते. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाई करणारा बाद. हे ओझं एकट्यावर पडलं की समोरचा संघ त्याचीच वाट पाहत बसतो.

प्रो कबड्डी या व्यावसायिक लीगमध्ये हे ठळक दिसलं. २०१७ मध्ये पाटणा पायरेट्सने सलग तिसरं विजेतेपद मिळवलं, तेव्हा प्रदीप नरवालच्या जोडीला मोनू गोयत होता. २०१८ च्या लिलावात गोयत १ कोटी ५१ लाखांना हरियाणा स्टीलर्सकडे गेला. प्रदीप संघात असूनही त्या हंगामात पाटणा बाद फेरीत पोचला नाही. कारणं आणखीही असतील, पण दुसऱ्या रेडरची किंमत त्यातून कळते.

बाकावर पहिला मान रेडरला नव्हे, कॉर्नरला द्यावा, आणि डाव्या-उजव्यासाठी वेगवेगळा. डावीकडे मुरलेला पोरगा उजवीकडे उभा केला की घोटा धरायला त्याचं पाऊल उशिरा पडतं. कॉर्नर आणि शेजारचा कव्हर यांची वेळ जुळली नाही तर एक आधी झेपावतो, दुसरा मागे राहतो आणि रेडर दोघांना बाद करून परततो. यावर उपाय सरावातच आहे: दर सरावात एक कॉर्नर बाहेर काढून राखीवाला त्याच कव्हरसोबत खेळवावं. तिघांच्या बचावाचा सरावही राखीवांना द्यावा. तीन किंवा कमी बचावपटूंनी पकड केली तर एक गुण जास्तीचा मिळतो, आणि फसली तर लोणाचे (सगळा संघ बाद झाल्याचे) २ गुण समोर दिसू लागतात.