निशिझाकाची टेकडी एकच, रक्तसाक्षी मात्र दोन वेळचे

वसईत संत गोन्सालो गार्सिया म्हटलं की पुढे ओळख करून द्यावी लागत नाही. त्यांच्या नावाचं चर्च आहे, कॉलेज आहे. पण गप्पा जपानकडे वळल्या की घोळ सुरू होतो. कुणी ठासून सांगतं, “फादर गोन्सालोंना जिवंत जाळलं.” यातल्या दोन्ही गोष्टी चूक. गोन्सालो फादर नव्हते, फ्रान्सिस्कन संघाचे ब्रदर, म्हणजे धर्मगुरूची दीक्षा न घेतलेले व्रतस्थ होते. त्यांना जाळलंही नाही, क्रुसावर बांधून भाल्यांनी भोसकलं. जाळले गेले ते दुसरे रक्तसाक्षी (धर्मासाठी जीव दिलेले), तब्बल 25 वर्षांनंतर. त्यांच्यात फादर कार्लो स्पिनोला होते.

घोळ होणं साहजिक आहे म्हणा. नागासाकीतली निशिझाका टेकडी दोन्ही वेळा तीच, मारले गेलेल्यांत दोन्हीकडे युरोपियन मिशनरी आणि जपानी ख्रिस्ती, आणि तिथे आज जे ब्राँझचं स्मारक आहे ते फक्त पहिल्या 26 जणांचं. पाहणारा 26 पुतळे मोजतो आणि समजतो, झालं, एवढेच.

पहिली घटना 5 फेब्रुवारी 1597 ची. आदल्या वर्षी सान फेलिपे हे स्पॅनिश गलबत जपानच्या तोसा किनाऱ्याला लागलं, त्यावरचा माल जप्त झाला, आणि त्या वादात जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याचा रोष मिशनऱ्यांवर उलटला. क्योतो-ओसाकात 24 जण धरले, त्यांच्या डाव्या कानाची पाळी कापली आणि ऐन थंडीत जवळजवळ महिनाभर नागासाकीपर्यंत चालवत नेलं. वाटेत आणखी दोघांची भर पडली. 26 पैकी सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय (जेझुइट) आणि 17 जपानी प्रापंचिक. सगळ्यात लहान लुईस इबाराकी 12 वर्षांचा. पोर्तुगीज बाप आणि वसईची आई यांचे पुत्र गोन्सालो हे पेद्रो बाउतिस्ता या फ्रान्सिस्कन फादरांचे दुभाषे. जपानी भाषा ते कोवळ्या वयात, येशूसंघीयांबरोबर तिकडे गेले तेव्हाच शिकले होते. मधल्या काळात त्यांनी व्यापारही केला.

हा प्रकार कितीही क्रूर असला तरी संतापाच्या भरातला होता. पुढे कित्येक वर्षं मिशनऱ्यांचं काम बऱ्यापैकी चालू राहिलं. स्पिनोला जपानात उतरले ते याच मधल्या काळात, 1602 मध्ये.

जेनोव्हाच्या बड्या घराण्यातला हा तरुण मिशनरी झाला, त्याचा धागा गोव्यात जातो. रोदोल्फो आक्वाविवा हे अकबराच्या दरबारात जाऊन आलेले येशूसंघीय फादर 1583 मध्ये साष्टीतल्या कुंकळ्ळीला मारले गेले. (कुंकळ्ळीकर त्या घटनेकडे पोर्तुगीजांविरुद्धचं बंड म्हणून पाहतात, आणि त्यांच्या बाजूने ते खरंच आहे, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय.) ती बातमी इटलीत पोचली आणि पुढच्याच वर्षी कार्लो येशूसंघात दाखल झाला. 1596 मध्ये लिस्बनहून निघाला, तर वादळाने जहाज ब्राझीलकडे लोटलं आणि परतीच्या वाटेवर इंग्रजांनी धरून इंग्लंडला नेलं. 1599 मध्ये पुन्हा निघाला. मकावमधल्या सेंट पॉल चर्चचा जो दर्शनी भाग आज पर्यटक पाहतात, त्याचा आराखडा त्याचाच, असं मानलं जातं. जपानात या गणिती फादरांनी 1612 चं चंद्रग्रहण नागासाकीतून पाहिलं. मकावमध्येही तेच ग्रहण पाहिलं गेलं होतं. दोन्ही ठिकाणच्या वेळांतला फरक धरला की नागासाकीचे रेखांश काढता येतात, हा त्यामागचा हिशोब.

1614 मध्ये, हिदेयोशीनंतर सत्तेवर आलेल्या तोकुगावा घराण्याच्या राजवटीने मिशनऱ्यांना देशाबाहेर काढण्याचा हुकूम काढला. इथून सगळं बदललं. आता कारण एखादं गलबत नव्हतं, ही सरकारची कायमची नीती होती. स्पिनोला नाव बदलून लपून राहिले. डिसेंबर 1618 मध्ये ते नागासाकीत डोमिंगोस जॉर्ज या पोर्तुगिजाच्या घरी सापडले. आसरा दिल्याबद्दल डोमिंगोसला पुढच्या वर्षी जाळलं. स्पिनोलांना ओमुराजवळ सुझुताच्या कैदेत टाकलं. कैद म्हणजे खांबांचा उघडा पिंजराच, ऊन-पाऊस थेट अंगावर. तिथे त्यांची जवळजवळ चार वर्षं गेली.

10 सप्टेंबर 1622. 55 जण. पंचवीसेक जणांना खांबांना बांधलेलं, बाकीच्यांचा, ज्यात बायका आणि मुलंही होती, शिरच्छेद व्हायचा होता. खांबाला बांधलेल्या स्पिनोलांना समोर डोमिंगोसची विधवा इझाबेल दिसली. तिच्या मुलाला, इग्नासियोला, त्यांनीच बाप्तिस्मा दिला होता. “माझा इग्नासियो कुठे आहे?” त्यांनी विचारलं. इझाबेलने सणाचे कपडे घातलेल्या चार वर्षांच्या पोराला उचलून दाखवलं. स्पिनोलांनी त्याला आशीर्वाद दिला. मायलेक दोघंही त्याच दिवशी गेली.

लाकडं मुद्दाम खांबांपासून लांब रचलेली, म्हणजे आग मंद लागावी, मरायला वेळ लागावा, आणि कुणी धर्म सोडतो म्हणाला तर बाहेर येता यावं. बांधलेलंही सैलच. 1597 च्या भाल्यांत ही सोय नव्हती, तिथे काही क्षणांत संपलं. मला दोन्हींतला खरा फरक इथे दिसतो: पहिल्या वेळी दहशत बसवायची होती, दुसऱ्या वेळी माघार घ्यायला लावायची होती.

मृतदेहांच्या बाबतीतही तसंच. 1597 मध्ये भाविकांनी रक्तात फडकी भिजवून नेली, पवित्र अवशेष म्हणून जपली. राजवट त्यातून शिकली. 1622 मध्ये सगळं जाळून राख समुद्रात टाकली, हाती काही लागू दिलं नाही.

ख्रिस्तसभेच्या दफ्तरातही दोघांच्या जागा वेगळ्या. 26 जणांना पायस नववे यांनी 1862 मध्ये संत जाहीर केलं. स्पिनोला त्याच पोपनी 1867 मध्ये धन्यवादित म्हणून जाहीर केलेल्या 205 जणांपैकी, म्हणजे संतपदाच्या एक पायरी अलीकडे. तेव्हा “संत स्पिनोला” असं कुणी छापलं असेल तर तेही चूक. त्यांचा स्मरणदिन 10 सप्टेंबर. त्या दिवसाचं एक जुनं चित्र रोमच्या जेझू चर्चमध्ये आहे.