फोल्डिंग सायकल कोकणात चालते का?

गुहागरच्या बाजारपेठेत पंक्चरवाल्या काकांनी एक नवाकोरा टायर आमच्यासमोर ठेवला. "हा घ्या, सोळाचा." मित्राच्या फोल्डिंग सायकलचा मागचा टायर जांभ्याच्या धारदार कडेला घासून बाजूनं चिरला होता, आणि त्यावरही १६ इंच असंच लिहिलेलं होतं. काकांनी दोन पाने लावले, साबणाचं पाणी चोळलं, गुडघा टेकवून जोर लावला. टायर रिमवर चढेचना. शेवटी दोन्ही टायर एकावर एक ठेवले तेव्हा उलगडा झाला. मुलांच्या सायकलचा तो टायर चांगला दोन बोटं लहान होता. काका म्हणाले, "सोळा म्हणजे सोळाच ना हो?"

नाही, हीच तर अडचण आहे. टायरवरचे इंच हा जुन्या काळापासून चालत आलेला ढोबळ अंदाज आहे. खरं माप टायरच्या कडेला बारीक अक्षरात मिलिमीटरमध्ये छापलेलं असतं. टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास किती, ते हा आकडा सांगतो. मित्राच्या टायरवर ३४९ होतं, मुलांच्या टायरवर ३०५. दोघांचं नाव मात्र १६ इंच. २० इंचांतही ४०६ आणि ४५१ अशी दोन भावंडं आहेत. त्यातलं ४०६ बरं, कारण मुलांच्या जाड टायरच्या २० इंची सायकलींना बहुधा हेच माप असतं आणि त्यांची ट्यूब तालुक्याच्या गावी मिळून जाते.

काकांनी जुन्या टायरचा तुकडा कापून चिरेच्या आतून बसवला, हवा जरा बेतानं भरली, आणि त्या डागडुजीवर मित्रानं रत्नागिरी गाठली. "असल्या सायकलवर तंबू लादून फिरता येतं का?" असं मला कुणी विचारलं की आधी हे दुकान आठवतं. माझं उत्तर 'हो' असंच आहे. पण कुठे, आणि किती सामान घेऊन, हे पाहावं लागतं.

आमचा रस्ता असा होता: पनवेलहून रेल्वेनं खेड, तिथून दापोली, दाभोळला उतरून फेरीबोटीनं वाशिष्ठीची खाडी ओलांडून धोपावे, मग गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळहून पुन्हा बोटीनं जयगड, आणि गणपतीपुळे, आरे-वारे करत रत्नागिरी स्टेशन. म्हणजे मध्ये सायकल, पण दोन्ही टोकांना रेल्वे. मोठी सायकल न्यायची तर पार्सल ऑफिस, गोणपाटाचं बांधकाम, आणि ती त्याच गाडीनं येईल ना ही धाकधूक. डब्यात सोबत नेण्याच्या पेटीचं माप रेल्वेनं १०० × ६० × २५ सेंमी ठरवलंय. लंडनच्या अँड्र्यू रिची यांनी १९७५च्या सुमारास रचायला घेतलेली ब्रॉम्प्टन ही आज १६ इंची फोल्डिंग सायकलींतली सर्वांत प्रसिद्ध. तिची घडी साधारण ५९ × ५७ × २७ सेंमीची होते. जाडीत दोन सेंमी जास्त, बाकी बसते. माझी २० इंची घडी झाल्यावरही ८० × ६५ × ३५च्या घरात जाते. कापडी पिशवीत घालून, कुणाच्या पायात येणार नाही अशी ठेवावी लागते.

आता चाकाकडे येऊ. "एवढंसं चाक, किती पॅडल मारावी लागत असतील!" हे वाक्य मी प्रत्येक चहाच्या टपरीवर ऐकलंय. हिशेब करून पाहा. १६ इंची चाकाचा घेर सुमारे १.३२ मीटर. पुढच्या चक्राला ५० दात आणि मागच्याला १३ असले, तर पॅडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक ३.८५ वेळा फिरतं आणि सायकल पाच मीटरांहून थोडी पुढे जाते. जुन्या २८ इंची काळ्या सायकलचा घेर २.२ मीटर. तिला ४४ आणि १८ दात धरले तर एका फेऱ्यात ५.४ मीटर. म्हणजे फरक अगदी थोडा. चाक लहान झालं, तेवढं पुढचं चक्र मोठं केलं की पायांना कळतही नाही. पॅडलपेक्षा चढाचा गिअर बघा. कोकणात प्रत्येक खाडीला उतरायचं आणि पलीकडे लगेच उभा चढ चढायचा. सामान घेऊन तो चढायचा तर सर्वांत हलक्या गिअरमध्ये एका फेऱ्याला दोन-अडीच मीटरच पुढे जायला हवं. शहरासाठी बनवलेल्या तीन गिअरच्या फोल्डिंग सायकलमध्ये तेवढा हलका गिअर सहसा नसतो. विकत घेताना रंग नंतर पाहा, दात आधी मोजा.

लहान चाकाचा खरा तोटा रस्त्यात आहे. रस्त्यावर ३ सेंमीची कड आली, डांबर संपून खडी सुरू झाली म्हणा, तर ती चढण्यासाठी चाकाला पुढून ढकलावं लागतं. भूमितीनं हिशेब मांडला तर ३४ सेंमी त्रिज्येच्या मोठ्या चाकाला त्याच्यावरच्या भाराच्या ४५ टक्के जोर लागतो, आणि २१ सेंमीच्या लहान चाकाला ६० टक्के. म्हणजे तोच खड्डा एकतृतीयांशानं मोठा झाल्यासारखा वाटतो. शिवाय टायर जमिनीला टेकतो तिथे तो सतत दबतो आणि सुटतो. दबताना रबर जेवढी ऊर्जा घेतं, तेवढी सुटताना परत देत नाही, थोडी उष्णतेत जाते. लहान चाकाचा टायर जास्त वाकतो, म्हणून ही गळतीही जास्त.

अलेक्स मोल्टन या इंग्रज इंजिनिअरनं यावर सुंदर तोड काढली. १९५६च्या सुएझ संकटात पेट्रोलची टंचाई झाली आणि त्यांचं लक्ष सायकलकडे वळलं. १९५९च्या मिनी मोटारीचं रबरी सस्पेन्शन, म्हणजे चाकाचे हादरे गिळणारी जोडणी, त्यांनीच रचलेलं. त्यांनी टायर लहान केला, त्यात हवा मात्र खूप दाबानं भरली, म्हणजे तो कमी दबेल. दाब वाढवला की हादरे वाढतात, आणि हादऱ्यांत स्वाराच्या अंगाची हाडं खिळखिळी होतात तशी पुढे जाण्याची ऊर्जाही वाया जाते. म्हणून त्यांनी दोन्ही चाकांना सस्पेन्शन दिलं. १९६२ साली ही सायकल बाजारात आली, आणि त्याच वर्षी जॉन वुडबर्ननं तिच्यावर कार्डिफ ते लंडन अंतराचा विक्रम मोडला. मोल्टनची सायकल घडीची नव्हती, पण लहान चाक म्हणजे पोरखेळ नव्हे हे तिनं दाखवून दिलं. आपल्या रस्त्यांवर सस्पेन्शन नसेल तर टायर जरा रुंद घ्यावा, दाब थोडा उतरवावा, आणि खड्डा दिसला की बूड सीटवरून उचलून गुडघे सैल ठेवावे. गुडघ्यांसारखं सस्पेन्शन दुसरं नाही.

हँडल चंचल वाटतं, ही दुसरी तक्रार. ती खरी आहे. पुष्कळांना वाटतं की फिरत्या चाकाच्या भोवऱ्यासारख्या गुणामुळेच सायकल उभी राहते, मग चाक लहान म्हणजे तोल कमी. डेल्फ्ट आणि कॉर्नेल विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०११ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक अजब सायकल मांडली. चाकं चिमुकली, आणि भोवऱ्याचा परिणाम पुसून टाकण्यासाठी उलटी फिरणारी जोडचाकं. तरीही ढकलून सोडली की ती स्वतःचा तोल सावरत जायची. वजन कुठे आणि कसं वाटलंय, यावर पुष्कळ काही अवलंबून असतं हे त्यातून दिसलं. सामान बांधणाऱ्याच्या दृष्टीनं ही मोलाची गोष्ट आहे. कितीतरी फोल्डिंग सायकलींत पुढची बॅग हँडलऐवजी फ्रेमच्या नळीवर अडकते. हँडल वळतं, बॅग वळत नाही. जड सामान तिथे, खाली, ठेवलं की सायकल शांत होते. मागच्या कॅरिअरला मोठ्या झोळ्या लावल्या तर टाच त्यांना लागते आणि त्या जमिनीला घासतात. ते करू नका.

उताराबद्दल मात्र मी कळकळीनं सांगतो. स्वार, सायकल आणि सामान मिळून १०० किलो धरा. २०० मीटर उंचीचा उतार उतरताना १९६ किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. त्यातली काही वारा घेतो, उरलेली ब्रेक आणि रिम. एवढ्या ऊर्जेत सहा कप चहाचं पाणी उकळतं! मोठ्या रिमच्या मानानं ३४९च्या रिमचा घेर ५६ टक्केच. धातू कमी, म्हणून ती लवकर तापते. ब्रेक सतत दाबून धरू नका. पुढचा-मागचा आलटून पालटून लावा, आणि मध्ये थांबून रिमजवळ हात नेऊन पाहा. स्पर्श करू नका, धग जवळूनच कळते.

वजनाचीही मर्यादा असते. बहुतेक कंपन्या स्वार आणि सामान मिळून १०५ ते ११० किलो सांगतात. ८५ किलोच्या माणसाला १५ किलोंचं सामान जड नाही, पण तो काठावर आहे. घडीच्या बिजागरीला आणि सीटखालच्या लांबलचक दांड्याला ते सगळं सोसायचं असतं.

आता मुक्कामाचं सामान. दुकानात सगळे ग्रॅम विचारतात. मी सेंटिमीटर विचारतो. माझ्या पुढच्या बॅगेची रुंदी ४० सेंमी, आणि पहिल्या वेळी तंबूच्या दांड्यांची घडी निघाली ४५ची. कापड कसंही कोंबता येतं, दांडा कोंबता येत नाही. दाभोळच्या धक्क्यापर्यंत ते दांडे बॅगेतून बाहेर डोकावत होते आणि प्रत्येक वळणावर माझ्या गुडघ्याला टोचत होते. आता ३० सेंमीच्या तुकड्यांचे दांडे मिळतात. तुकडे वाढले की सांधे वाढतात आणि वजन थोडं वाढतं. मला ते चालतं.

पण कोकणात तंबू हवाच का? वेळणेश्वरजवळ एका वाडीत आम्ही रात्र काढली. मी अंगणात उघड्यावर तंबू ठोकला, मित्रानं घरमालकांना विचारून पडवीत नुसती मच्छरदाणी बांधली. सकाळी माझ्या तंबूच्या आतून थेंब टपकत होते आणि त्याची चादर कोरडी होती. रात्रभरात एका माणसाच्या श्वासातून आणि त्वचेतून पाव लिटरच्या आसपास पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. वरचं आभाळ निरभ्र असलं की तंबूचं कापड आपली उष्णता थेट आभाळाकडे फेकतं आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतं. मग आतली वाफ आतून आणि बाहेरचं दंव बाहेरून त्यावर जमतं. पडवीचं छप्पर, अगदी दाट आंब्याचा डेरा, हे आभाळ झाकतं. कापड गार पडत नाही, दंव पडत नाही. तेव्हापासून मी डिसेंबर-जानेवारीत तंबूचा जाळीचा आतला भाग आणि एक पातळ ताडपत्री एवढंच नेतो, आणि निजायची जागा शोधताना वर पाहतो.

पिसांची स्लीपिंग बॅग हिमालयात लाख मोलाची. दोन पिसांच्या मध्ये अडकलेली हवाच ऊब धरते, आणि दमटपणानं पिसं चिकटली की ती हवा जाते. किनाऱ्यावर तिचं काम नाही, एक चादर आणि पूर्ण बाह्यांचा सदरा पुरतो. खाली अंथरायला काहीतरी हवंच, कारण जमीन अंगातली ऊब हवेपेक्षा जोरात ओढते. हवेची गादी पाण्याच्या बाटलीएवढी होते, पण जांभ्याच्या खड्यांवर ती फुगवायची म्हणजे खाली ताडपत्री अंथरूनच. गॅसचा चुलाही घरी ठेवा. ज्वालाग्राही वस्तू रेल्वेत नेणं १९८९च्या रेल्वे कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि खानावळीतली आंबोळी सोडून चुलीशी झटण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. किनाऱ्यावर मात्र थेट वाळूत मुक्काम टाकू नका. आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर थंडीपासून ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, आणि अंड्यांतून निघालेली पिल्लं उजेडाच्या दिशेनं धावतात. आपल्या टॉर्चचा उजेड त्यांना समुद्राऐवजी आपल्याकडे आणतो.

तवसाळच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा बोट सुटायच्या बेतात होती, गाड्या दाटीवाटीनं लागलेल्या. बोटीवरच्या माणसानं हातानं 'जागा नाही' अशी खूण केली. मी बॅग काढली, सीट खाली केली, बिजागरी उघडून सायकल दुमडली आणि उचलून दाखवली. त्यानं बाजूच्या बाकाकडे बोट दाखवलं. "ठेवा त्याखाली."