मरी: उंट, रूळ आणि मालाची चढ-उतार

ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या उत्तरेला सुमारे 685 किलोमीटरवर मरी हे चिमुकलं गाव आहे. तिथे ना शेती, ना खाण. गाव जगलं ते मालाच्या चढ-उतारीवर. ती बंद पडत गेली तसं गावही आटत गेलं.

आधी होते ते झरे. ग्रेट आर्टेशियन बेसिनचं भूजल या पट्ट्यात आपल्याच दाबाने वर येतं. स्थानिक आदिवासींना ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. 1859 मध्ये शोधप्रवासी जॉन मॅक्डुअल स्टुअर्टने आपल्या पथकातल्या हेरगॉटचं नाव या झऱ्यांना दिलं. पहिल्या महायुद्धात जर्मन नावं नकोशी झाली आणि ‘मरी’ कायम झालं.

1884 मध्ये रेल्वे इथवर आली. पुढच्या गुरा-मेंढ्यांच्या वाड्यांवर पीठ, चहा, तारेची भेंडोळी न्यायची आणि परतताना लोकर आणायची, हे काम उंटांचं. त्यांची मोठी आयात 1866 च्या सुमारास कराचीहून झाली. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं, हे आपल्याकडे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. उंटवाले बलुची, पठाण, सिंधी, पंजाबी असे होते, पण तिथे सगळेच ‘अफगाण’ ठरले. त्यांची घरं आणि मातीच्या विटांची मशीद रुळांच्या एका अंगाला, गोऱ्यांची वस्ती दुसऱ्या.

लादण्यात कसब होतं. पालाणाच्या दोन्ही बाजूंचं वजन सारखं हवं. एक बाजू जड झाली की पालाण सरकतं, पाठ सोलवटते आणि उंट कित्येक दिवस कामातून जातो. 1920 च्या दशकात ट्रक आले. 1925 च्या कायद्याने नोंदणी नसलेले मोकाट उंट मारायला मुभा दिली, तेव्हा बऱ्याच मालकांनी जनावरं रानात सोडली.

ट्रकनाही वाट सोपी नव्हती. बर्ड्सव्हिल गावापर्यंतच्या 517 किलोमीटरवर चाकं वाळूत रुतत, म्हणून टपाल नेणारा टॉम क्रूझ लोखंडी पत्रे सोबत ठेवी. चाकांखाली घालायचे, गाडी पुढे काढायची, मागचे उचलून पुन्हा पुढे अंथरायचे. वाटेवर सरकारी बोअर होते, पण काहींचं पाणी इतकं कढत की चरातून बरंच लांब वाहून निवल्याशिवाय गुरांना पाजता येत नसे.

रेल्वेचं दुखणं तिच्या आखणीतच होतं. वाफेच्या इंजिनांना पाणी हवं म्हणून मार्ग झऱ्यांच्या कडेने, सखल भागातून नेला. एरवी कोरड्या असणाऱ्या नद्यांना पूर आला की भराव वाहून जाई. लाकडी स्लीपर वाळवी खाई. म्हणून इंजिनामागच्या उघड्या डब्यात जादा स्लीपर आणि अवजारं असत. गाडी अडली की दुरुस्ती तिथेच.

1957 मध्ये दक्षिणेकडून 1435 मिलिमीटर गेजचे (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर) नवे रूळ मरीपर्यंत आले. पुढे ॲलिस स्प्रिंग्जपर्यंत जुने, 1067 मिलिमीटरचेच राहिले. त्यामुळे प्रवासी आणि माल दोघांनाही मरीला गाडी बदलणं भाग पडलं. गावाची ही दुसरी भरभराट, तीही गेजच्या घोळामुळे! 1980 मध्ये टारकूलाहून ॲलिस स्प्रिंग्जला पश्चिमेकडचा, पुरापासून बराच सुरक्षित मार्ग सुरू झाला आणि जुनी लाइन बंद पडली. पुढे काही वर्षांत मरीपर्यंतचे रुंद रूळही निकामी झाले.

आता धंदा बर्ड्सव्हिल आणि ऊडनाडाटाच्या कच्च्या रस्त्यांवरच्या वाहनांचा. तोही पावसावर अवलंबून, कारण जोराचा पाऊस झाला की दोन्ही रस्ते बंद होतात.